साडेतीन फुटी विमान

विमान परत करायचा ठराव झाला तेव्हा चिटणीस सभेला हजर होते, ही त्यांची पहिली चूक. दुसरी चूक म्हणजे तो ठराव त्यांनीच लिहून घेतला, आणि त्यांचं अक्षर चांगलं असल्यामुळे तो नंतर सगळ्यांना वाचता आला.

चिटणीस हे त्यांचं आडनाव नव्हे. शहरात तिकिटं काढून देणारे एकतीस एजंट होते, त्यांची एक संघटना होती आणि तिचे ते अकरा वर्षं चिटणीस होते. पहिल्या वर्षी कोणी व्हायला तयार नव्हतं म्हणून झाले, पुढची दहा वर्षं त्यांनी नको म्हटलेलं कोणी ऐकलं नाही म्हणून राहिले. हळूहळू दूधवाल्यापासून सासऱ्यांपर्यंत सगळे त्यांना चिटणीसच म्हणायला लागले. बायकोसुद्धा रागावली की म्हणायची, "चिटणीस, नोंद करा. गॅस संपलाय."

भांडण होतं राष्ट्रीय विमान कंपनीशी. कंपनीचं सगळ्या एजंटांना एक पत्र आलं होतं. आपले संबंध जुने आणि जिव्हाळ्याचे आहेत, असं त्यात पहिल्या परिच्छेदात होतं, म्हणजे पुढे काहीतरी वाईट असणार हे अनुभवी माणसांनी तिथंच ओळखलं. दुसऱ्या परिच्छेदात होतं की येत्या एक तारखेपासून एजंटांचं कमिशन शून्य टक्के करण्यात येत आहे. तिसऱ्यात दिलासा होता: ते दरमहा वेळेवर दिलं जाईल.

सभा दोन तास चालली. पहिला तास शून्य टक्क्यांवर रागावण्यात गेला आणि दुसरा, ते 'वेळेवर' कसं देणार यावर. शेवटी संघटनेचे अध्यक्ष उभे राहिले. शहरातली सगळ्यात मोठी एजन्सी त्यांची. ते उभे राहिले की बाकीचे आपोआप बसतात.

"बहिष्कार!" अध्यक्ष म्हणाले. "कंपनीचं एकही तिकीट विकायचं नाही. आणि नुसतं तेवढ्यावर भागणार नाही. त्यांनी आपल्याला दिलेलं विमान त्यांच्या तोंडावर परत मारायचं."

हे विमान म्हणजे कंपनीच्या विमानाची प्रतिकृती. अधिकृत एजंट झालात की कंपनी एक विमान देते आणि ते तुम्ही दुकानाच्या काचेत ठेवता. बहुतेकांकडे वीतभर लांबीची प्लॅस्टिकची होती. साडेतीन फुटी, पत्र्याचं, पोलादी दांड्यावर उभं असलेलं असं सबंध शहरात एकच होतं आणि ते चिटणीसांच्या दुकानात होतं.

"चिटणीसांचं विमान सगळ्यात पुढं," अध्यक्ष म्हणाले. "फोटोत नीट येईल."

टाळ्या पडल्या. चिटणीसांनी टाळ्यांचीही नोंद केली.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी चिटणीसांनी सभेत सांगायला हवी होती. ते विमान त्यांचं नव्हतं. दुकान वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, सुरू केलेलं. शहरात पहिली शंभर तिकिटं विकणारा एजंट म्हणून कंपनीच्या मोठ्या साहेबाने स्वतः येऊन ते विमान आप्पांच्या हातात ठेवलं होतं. आप्पा रोज सकाळी पिवळ्या मऊ फडक्याने ते पुसत. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. चिटणीसांनी वयाच्या सातव्या वर्षी एकदाच लावला होता. कपाटावर चढून त्यांनी ते उडवून पाहिलं. ते उडालं नाही. शेपटीखाली बोटभर खोक पडली, ती आप्पांनी लाख भरून बुजवली आणि तीन आठवडे मुलाशी बोलले नाहीत. पुढं म्हातारपणी दुकान हवाली करताना त्यांनी एकच वाक्य उच्चारलं, "दुकान तुझं, विमान माझं."

पण आप्पा सध्या लेकीकडे, विमानाने अडीच तासांच्या अंतरावर होते आणि महिनाभर तरी येणार नव्हते. तोवर भांडण मिटेल, विमान परत येईल, आप्पांना पत्ताही लागणार नाही, असा चिटणीसांचा हिशोब. तो चुकला हे सांगायला नकोच. बरोबर आला असता तर ही गोष्ट कोणी कशाला सांगितली असती?

बुधवारी अकरा वाजता सगळ्यांनी आपापली विमानं घेऊन कंपनीच्या कार्यालयासमोर जमायचं होतं. एकतीसपैकी चौदा जण आले. एकाचं विमान नातवाने मोडलं होतं. एकाचं काचेला असं चिकटलं होतं की काच काढावी लागली असती. एकाने विमान आणलं होतं, पण ते दुसऱ्याच कंपनीचं निघालं. स्वतः अध्यक्षांचं विमान टेबलाला बोल्टने जखडलेलं होतं आणि त्या मापाचा पाना शहरात मिळत नव्हता.

"हरकत नाही," अध्यक्ष म्हणाले. "एक विमान म्हणजेच सगळी विमानं. प्रतीक आहे."

तर प्रतीक कडेवर घेऊन चिटणीस पायऱ्या चढले. दारातून ते आडवं जाईना, उभं केलं तर पंख्याला लागेना पण ट्यूबलाइटला लागे. शेवटी शेपटीकडून आत गेले. वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरने नेमका तेव्हाच फोटो घेतला.

आवक खिडकीत एक बाई होत्या. त्यांनी विमानाकडे पाहिलं, चिटणीसांकडे पाहिलं आणि विचारलं, "काय करायचंय?"

"परत करायचंय."

"का?"

"निषेध म्हणून."

बाईंनी खण उघडला आणि बराच वेळ चाळला. "प्रतिकृतीची तीन प्रपत्रं आहेत," त्या म्हणाल्या. "एक नंबर, नवी मागणे. दोन नंबर, जुनी रंगवायला देणे. तीन नंबर, हरवल्याचं कळवणे. परत करायचं नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"आजवर कुणी केलंच नाही. एवढं छान विमान कोण परत करेल?"

"पण आम्ही तुमच्यावर बहिष्कार टाकलाय!"

"त्याचं काही नाही हो," बाई समजुतीने म्हणाल्या, "पण विनाप्रपत्र वस्तू मी आत घेऊ शकत नाही. उद्या कुणीही काहीही आणून ठेवेल."

चिटणीसांनी मागे वळून अध्यक्षांकडे पाहिलं. त्यांच्या मागे, दाराबाहेर, बाकीचे एजंट उन्हात उभे होते आणि त्यातले सहा घड्याळं बघत होते.

"तांत्रिक बाब आहे," अध्यक्ष म्हणाले. "दोन नंबर भरा आणि मोकळे व्हा. भावना पोचल्याशी कारण."

अशा रीतीने संघटनेच्या इतिहासातला सगळ्यात कडक निषेध 'जुनी प्रतिकृती रंगविणेबाबत विनंती' या मथळ्याखाली दाखल झाला. नाव म्हणून दुकानाचं, म्हणजे आप्पांचंच, संपूर्ण नाव पडलं. परवाना अजून त्यांच्याच नावावर होता. खाली 'आपला विश्वासू' असं छापलेलं होतं. ते खोडून चालत नाही असं बाई म्हणाल्या, म्हणून चिटणीसांनी त्यावरच सही केली.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. विमानाची चोच आणि चिटणीसांची पाठ. खाली लिहिलं होतं: 'एजंटांनी विमान रंगवायला दिले.'

त्याच संध्याकाळी लेकीच्या घरून आप्पांचा फोन आला.

"अरे, मी पुढच्या गुरुवारी येतोय. कंटाळलो इथं. जावई सकाळी सहाला व्यायाम करतो आणि मलाही हात वर करायला लावतो. तू काढून दिलेलं परतीचं तिकीट आहेच. आपल्या कंपनीचंच विमान आहे."

"आप्पा, थोडे दिवस राहा की."

"का? दुकानात काही झालंय?"

"छे! काय होणार?"

"मग झालं. स्टेशनावर... हे आपलं, विमानतळावर घ्यायला ये. आधी दुकानात जाऊ, मग घरी. विमान पुसतोस ना रे?"

"रोज," चिटणीस म्हणाले आणि फोन ठेवून खाली बसले.

बायकोने पाण्याचा पेला दिला. "अहो, खरं सांगून टाका. निषेध म्हणून परत केलं म्हणा."

"केलं कुठंय परत? रंगवायला दिलंय. सहीनिशी."

"मग तेच सांगा."

"त्यांना न विचारता त्यांचं विमान रंगवायला दिलं, हे सांगू?"

बायकोने दोन्ही पर्याय मनात तोलून पाहिले. "मग निदान हात वर करायची सवय आत्तापासून करा," ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी चिटणीस कार्यालयात गेले. बाई म्हणाल्या, विमान कालच्याच विमानाने मुख्य कार्यालयात गेलं, म्हणजे आप्पा होते त्याच शहरात. कंपनीचा कारभार इतक्या तत्परतेने चालल्याचं चिटणीसांनी आयुष्यात प्रथम पाहिलं. सोमवारी बाईंनी मुख्य कार्यालयाला फोन लावून दिला. तिथल्या माणसाने, असं काही विमान आलेलं नाही, असं सांगितलं.

"म्हणजे हरवलं?" चिटणीसांचा आवाज चिरकला.

"हरवलं म्हणता येणार नाही," बाई म्हणाल्या. "सापडत नाहीये."

"मग तीन नंबरचं प्रपत्र द्या."

"ते एजंटाने हरवलं तर. कंपनीने हरवलं तर विमानतळावर जावं लागेल. सामान खिडकी."

या सगळ्या दिवसांत दुकानाची काच रिकामी होती आणि रिकाम्या काचेकडे माणसं थांबून बघतात, भरलेल्या काचेकडे बघत नाहीत, हा व्यापाराचा एक नियम चिटणीसांना नव्याने कळला. शेजारी चष्म्याचं दुकान होतं. चष्मेवाले सोमवारी दुपारी चहाचा कप घेऊन आले आणि रिकाम्या जागेसमोर, एखाद्याच्या आजारपणाला भेटायला यावं तसे, जरा वेळ उभे राहिले.

"आप्पा गुरुवारी येतायत म्हणे."

"हो."

"पुठ्ठ्याचं करून ठेवा. चंदेरी कागद लावा."

"आप्पांना कळणार नाही होय? रोज हाताने पुसतात ते."

चष्मेवाल्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि खुर्ची जवळ ओढली. "चिटणीस, आप्पांचा चष्मा माझ्याकडे होतो. नंबर माझ्या हातात आहे. तुम्ही म्हणत असाल तर नवा करून देतो, जरासा... उन्नीस-बीस. फार नाही. विमानापुरता."

"काहीतरीच काय बोलता! जन्मदात्या बापाला आंधळा करू?"

"नाही, तुम्ही म्हणत असाल तर."

चिटणीसांनी त्यांना तत्त्वावर एक छोटं भाषण दिलं आणि वाटेला लावलं. मंगळवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी ते चष्म्याच्या दुकानात डोकावले आणि असा चष्मा करायला साधारण किती दिवस लागतात, एवढंच सहज विचारलं. चार दिवस लागतात, असं कळलं. त्यामुळे तत्त्व टिकलं.

मग ते विमानतळावर गेले. सामान खिडकीत एक पोक्त, शांत साहेब होते. तीस वर्षं लोकांचं हरवलेलं सामान ऐकून ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारचं वैराग्य आलं होतं. त्यांनी फॉर्म पुढे ओढला.

"वस्तू? बॅग, पेटी, पिशवी, इतर?"

"इतर. विमान."

साहेबांनी मान वर केली नाही. "हरवलं कुठं?"

"विमानात."

आता मात्र साहेबांनी पेन खाली ठेवलं. "जरा नीट सांगा. आतलं हरवलं की बाहेरचं?"

"आतलं."

"बरं," साहेबांना हायसं वाटलं. "बाहेरचं असतं तर वरच्या मजल्यावर जावं लागलं असतं. चाकं आहेत?"

"तीन."

"ओढायचं हँडल?"

"विमानाला हँडल कसं असेल?"

"नाही लिहितो. आत काही मौल्यवान?"

चिटणीसांनी यावर विचार केला. आत काहीच नव्हतं. विमान पोकळ होतं. "माझ्या वडिलांचं आहे ते," ते म्हणाले.

"त्याला रकाना नाही," साहेब म्हणाले, पण बरंच हळू. मग त्यांनी आप्पांचं संपूर्ण नाव लिहून घेतलं. "सापडलं तर त्या नावाला पाठवू. वेगळा माणूस देत नाही आम्ही. त्या नावाचा कोणी प्रवासी इकडे येत असला तर त्याच्याच सामानात टाकतो. काटकसर आहे सध्या."

चिटणीसांचं लक्ष यावेळी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या गुरुवारकडे होतं, त्यामुळे हे वाक्य त्यांच्या कानावर पडून तसंच पुढं गेलं.

परत येतात तो दुकानात अध्यक्ष बसलेले. लढ्याचं पाऊल पुढे टाकायची वेळ आली आहे, असं ते म्हणाले. विमानतळावर निदर्शनं. दिवस गुरुवार, दुपारचं विमान. सकाळी अध्यक्षांना दाढ काढायची होती.

"गुरुवारी मला जमणार नाही," चिटणीस म्हणाले. "वडील येतायत."

"कशाने?"

चिटणीसांनी टेबलावरचं कंपनीचं वेळापत्रक पालथं ठेवलं.

"चिटणीस," अध्यक्ष खोल आवाजात म्हणाले, "तुम्ही बहिष्काराचे चिटणीस आहात."

"तिकीट बहिष्काराच्या आधीचं आहे!"

"मग तर यायलाच हवं. नाहीतर लोक काय म्हणतील?"

गुरुवारी दुपारी चिटणीस विमानतळाच्या दाराशी फलक धरून उभे होते. फलकावर लिहिलं होतं, 'प्रवाशांनो, या कंपनीने प्रवास करू नका.' निघणाऱ्या प्रवाशांच्या दाराशी उभं राहायला परवानगी मिळाली नव्हती, म्हणून एजंट येणाऱ्या प्रवाशांच्या दाराशी उभे होते. प्रवास करून आलेली माणसं फलक वाचत, मान डोलावत आणि रिक्षा शोधायला जात. एक बाई म्हणाल्या, "खरंय हो. आधी सांगायला हवं होतं." अध्यक्षांच्या उजव्या गालात कापसाचा बोळा होता, त्यामुळे घोषणा ते देत होते पण त्या नक्की कशाच्या आहेत हे कोणाला कळत नव्हतं.

चिटणीसांनी आठ दिवसांत सात वेगवेगळी वाक्यं पाठ केली होती. 'आप्पा, रागावू नका' यापासून सुरू होणारी चार होती, 'आप्पा, आधी पाणी प्या' यापासून तीन. दार सरकलं तेव्हा सातही गेली.

आप्पा दारातून बाहेर आले. मागे हमाल त्यांची बॅग ओढत होता. आप्पांच्या दोन्ही हातांत, छातीशी धरलेलं, साडेतीन फुटी विमान होतं. कंपनीच्या नव्या रंगात, कोरं करकरीत, इतकं चकचकीत की त्यात चौदा एजंट आणि चौदा फलक उलटे दिसत होते.

घोषणा थांबल्या. अध्यक्षांचा बोळा गिळला जाता जाता राहिला.

आप्पांनी दाराबाहेरचा हा जमाव पाहिला. त्यातले निम्मे त्यांच्या हाताखाली तिकीट फाडायला शिकलेले. त्यांचे डोळे भरून आले.

"अरे, तुम्ही सगळे माझ्यासाठी आलात?"

अशा प्रश्नाला नाही म्हणायला फार मोठं काळीज लागतं. संघटनेत ते कोणाकडे नव्हतं. एकेक फलक हळूहळू पाठीमागे गेला.

"बघा!" आप्पा म्हणाले. "सामानाच्या पट्ट्यावर माझ्या बॅगेमागोमाग हे आलं. चिठ्ठीवर माझं नाव, संपूर्ण. चाळीस वर्षांनी आठवण ठेवली रे कंपनीने! लोक उगाच नावं ठेवतात. मी म्हणतो, अशी कंपनी दुसरी नाही. म्हणा!"

कोणीतरी टाळी वाजवली आणि टाळीची लागण होते. फोटोग्राफरने फोटो घेतला. त्यात अध्यक्ष आप्पांशी हात मिळवत आहेत आणि त्यांचा एक गाल सुजल्यामुळे ते हसल्यासारखे दिसतात. खाली छापून आलं: 'एजंटांकडून कंपनीचे जाहीर आभार.' पुढच्या आठवड्यात कंपनीचं पत्रही आलं. आपल्या भावनांची नोंद घेण्यात आली असून, कमिशन शून्य टक्केच राहील, मात्र यापुढे ते आगाऊ दिलं जाईल. पण ते नंतरचं.

रिक्षात विमान मध्ये, आप्पा एका बाजूला, चिटणीस दुसऱ्या बाजूला, अशी तिघं दुकानाकडे निघाली. पंखाला अडकवलेली चिठ्ठी वाऱ्यावर फडफडत होती. चिटणीसांनी ती वाचली. 'प्रपत्र दोन. रंगकाम पूर्ण.' विमान हरवलं नव्हतंच. ते रंगाच्या खोलीत होतं. तिथं कोणी पाहिलं नव्हतं, कारण रंगवायला दिलेली वस्तू कंपनीत खरोखर रंगवली जात असेल अशी कोणाला शंकाच आली नव्हती. चिटणीसांनी हळूच चिठ्ठी तोडली आणि खिशात घातली. आप्पा बाहेर बघत होते.

"मी काय म्हणतो," आप्पा म्हणाले, "जुनं माझं आहेच. हे तुझं. लहानपणापासून तुझा जीव होता त्याच्यावर. दोन्ही शेजारी शेजारी ठेवू."

चिटणीसांना बरं वाटावं की रिक्षातून उडी टाकावी, हे ठरेना.

दुकानाशी रिक्षा थांबली. चष्मेवाले दारातच होते. विमान पाहून ते आत गेले आणि काचेमागून बघायला लागले. चिटणीसांनी शटर वर केलं. काचेमागे धुळीत एक गोल, स्वच्छ डाग होता, दांड्याच्या बुडाएवढा.

"जुनं कुठंय?" आप्पांनी विचारलं.

सात वाक्यांपैकी एक तरी आठवतंय का, हे चिटणीसांनी पाहिलं. मग जे खरं होतं तेच त्यांच्या तोंडून गेलं.

"रंगवायला दिलंय."

"मला न विचारता?"

"फॉर्म भरलाय, आप्पा. सहीनिशी."

आप्पांनी नवं विमान स्वच्छ डागावर ठेवलं. ते तंतोतंत बसलं. खिशातून पिवळं फडकं काढलं आणि विमान पुसायला सुरुवात केली: चोच, मग पंख, मग शेपूट. शेपटीखाली त्यांचा अंगठा थांबला. पुन्हा मागे आला. पुन्हा थांबला.

चिटणीस सात वर्षांचे झाले.

"कंपनीचं काम बघ किती काटेकोर असतं," आप्पा शेवटी म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "जुन्याला इथं खोक होती ना, नव्यालासुद्धा त्याच जागी पाडलीय. वर लाखही भरलीय."

"हो," चिटणीस म्हणाले. आवाज आला नाही, म्हणून त्यांनी मानही हलवली.

"मग जुनं येईल तेव्हा येईल." आप्पांनी फडक्याची नीट घडी केली आणि मुलाच्या हातात ठेवली. "तोवर हे पूस. रोज. आणि कपाटावर चढू नकोस."